प्रादेशिक वीजजाळ्याचे प्रतिरूप : उभारणी आणि शहानिशा

विद्युत्पारेषणाच्या प्रादेशिक जाळ्याचे संगणकीय प्रतिरूप उभे करू इच्छिणारा अभ्यासक बहुधा कोणता प्रोग्राम वापरावा ही चौकशी आधी करतो. त्यास प्रारंभीच सांगितले पाहिजे, की प्रोग्रामची निवड हा या कामातील सर्वांत सोपा भाग आहे. जाळ्यातील भारप्रवाह न्यूटनच्या पद्धतीने सोडविण्याची रीत टिनी आणि हार्ट या दोघा अभियंत्यांनी १९६७ साली मांडली, आणि हे गणित जर्मनीत जसे चालते तसेच झांबियात, नेपाळात आणि महाराष्ट्रातही चालते. भेद आहे तो दप्तराचा. आपल्यासारख्या विकसनशील देशांत, जेथे जाळे दर वर्षी वाढत असते, जेथे मागणीचा बराच भाग कधी भारनियमनाखाली दडपलेला तर कधी मीटरविना असतो, आणि जेथे एकाच वाहिनीविषयी दोन सरकारी कागद दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतात, तेथे प्रतिरूप रचणाऱ्याचा पाऊण वेळ नोंदींची शहानिशा करण्यातच जातो, आणि तो तसा गेलाच पाहिजे. ज्याला हे काम कंटाळवाणे वाटते त्याने ते हाती न घेणे बरे.

नोंदींकडे वळण्यापूर्वी आपला प्रश्न कोणता हे निश्चित करावे. दहा वर्षांनंतर कोणत्या शहराभोवती नवे ४०० केव्ही उपकेंद्र लागेल, उद्या दुपारी चार वाजता कोणते रोहित्र आपल्या क्षमतेपलीकडे जाईल, आणि एखादा मोठा संच अकस्मात बंद पडल्यास पुढील तीस सेकंदांत वारंवारता कोठवर घसरेल, हे तीनही प्रश्न एकाच जाळ्याविषयीचे असले तरी त्यांची प्रतिरूपे तीन आहेत. पहिल्या प्रश्नाला वर्षभरातील तासांचा हिशेब, इंधनाचे दर आणि मागणीची वाढ एवढी सामग्री पुरते व वाहिन्यांचे वर्णन ढोबळ असले तरी निभावते. दुसऱ्याला प्रत्येक बसबारवरील व्होल्टेज हवे. तिसऱ्याला जनित्रांचे जडत्व, गव्हर्नरची चाल आणि संरक्षक रिलेचे सेटिंग यांवाचून एक पाऊलही टाकता येत नाही. आरंभ दुसऱ्या प्रश्नापासून करावा असे माझे मत आहे, कारण त्याचे उत्तर कालच्या प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहता येते, आणि तेथे उतरलेले प्रतिरूपच पुढे उरलेल्या दोन प्रश्नांसाठी वाढविता येते.

आता दप्तर. भारतापुरते बोलावयाचे तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे मासिक अहवाल, ग्रिड-इंडियाचे दैनिक अहवाल, मुंबईतील पश्चिम क्षेत्रीय भार प्रेषण केंद्राने व ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राने वेळोवेळी प्रसिद्ध केलेली माहिती, आणि पारेषण कंपनीचे एकरेषीय नकाशे ही प्रमुख साधने होत. यांच्या जोडीला ओपनस्ट्रीटमॅप आहे, ज्यात स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून मनोऱ्यांच्या रांगा रेखाटलेल्या असतात. त्यावरून वाहिनीचा मार्ग व लांबी चांगली कळते, व्होल्टेज कधी कळते तर कधी कळत नाही, आणि तार कोणत्या जातीची आहे हे जवळजवळ कधीच कळत नाही. मनोरे दुहेरी सर्किटाचे असून तार मात्र एकाच बाजूस ओढलेली, किंवा दोन गावांमधील जुनी वाहिनी मधोमध तोडून नव्या उपकेंद्रात आत-बाहेर नेलेली, ज्यास या व्यवसायात सर्रास ‘लिलो’ म्हणतात, असे प्रकार पदोपदी आढळतात. आणि सातबाऱ्यावर एक पीक व शेतात दुसरे असावे, तसा एकरेषीय नकाशात मात्र ती वाहिनी अजून अखंडच दाखविलेली असते.

याचा सर्वांत बोधप्रद दाखला नेपाळचा आहे. ढल्केबर ते मुजफ्फरपूर ही भारत व नेपाळ यांना जोडणारी वाहिनी ४०० केव्हीसाठी बांधली गेली. तथापि नेपाळच्या बाजूचे उपकेंद्र त्या दाबास सज्ज नसल्यामुळे २०१६ साली ती १३२ केव्हीवर सुरू करण्यात आली, त्यानंतर २२० केव्हीवर नेण्यात आली, आणि अखेर ४०० केव्हीवर आली. वाहिनीची वहनशक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून १३२ केव्हीवर त्याच तारांची ती शक्ती मूळ योजनेच्या सुमारे नवमांश एवढीच उरते. २०१७ सालच्या नेपाळचे प्रतिरूप रचताना ज्याने मनोऱ्यांची उंची पाहून ‘४०० केव्ही’ अशी नोंद केली असेल, त्याच्या संगणकाने हिवाळ्यातील तुटवडा कागदावरच दूर केला असेल. सबब प्रत्येक वाहिनीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात : ती कोणत्या दाबासाठी बांधली, कोणत्या दाबावर चालते, आणि ही माहिती कोठून व कोणत्या तारखेस मिळाली. अंदाजाने भरलेला आकडा असेल तर तो अंदाज आहे हेही तेथेच लिहावे, कारण सहा महिन्यांनी तो आकडा आपलाच असला तरी पुराव्यानिशी आलेला भासू लागतो.

वाहिनीचे विद्युतीय गुणधर्म अधिकृत कागदात न सापडल्यास तारेच्या जातीवरून काढता येतात. तारांना प्राण्यांची नावे देण्याची एक जुनी ब्रिटिश चाल आपल्याकडे टिकून आहे : १३२ केव्हीवर बहुधा पँथर, २२० केव्हीवर झेब्रा, आणि ४०० केव्हीवर जोडीने ओढलेली मूस. समजा, अशा जोड-मूस तारांची ४०० केव्ही वाहिनी २०० किलोमीटर लांब आहे. तिचा रिअ‍ॅक्टन्स दर किलोमीटरला सुमारे ०.३३ ओहम धरल्यास एकूण ६६ ओहम होतो, आणि रोध दर किलोमीटरला ०.०३ ओहम धरल्यास ६ ओहम. दोन्ही टोकांस ४०० केव्ही दाब राखून तिच्यातून ५०० मेगावॅट नेले, तर दोन टोकांमधील कोन सुमारे १२ अंश येतो व तारांत साडेनऊ मेगावॅटच्या आसपास शक्ती वाया जाते, म्हणजे शंभरात दोनही नव्हेत. इथवर सर्व सरळ आहे. परंतु हीच वाहिनी आपल्या धारितेमुळे सुमारे ११० मेगाव्हार रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती स्वतःच निर्माण करीत असते. ५०० मेगावॅट वाहताना तिचा रिअ‍ॅक्टन्स जवळजवळ तेवढीच शक्ती गिळतो आणि तोल साधतो; पावसाळ्यातील एखाद्या रात्री मागणी ओसरून प्रवाह १०० मेगावॅटवर आला की गिळली जाते ती जेमतेम चार मेगाव्हार, व उरलेली शंभराहून अधिक दोन्ही टोकांच्या उपकेंद्रांवर चाल करून जाते. व्होल्टेज चढते, रिअ‍ॅक्टर अपुरे पडतात, आणि भार प्रेषण केंद्राला अखेर चांगली धडधाकट वाहिनी केवळ दाब आवरण्यासाठी उघडून ठेवावी लागते. ही गोष्ट आपल्या देशात नित्याची आहे. म्हणून जो अभ्यासक फक्त उन्हाळ्यातील कमाल मागणीचाच तास तपासतो, त्याला जाळ्याचा अर्धाच स्वभाव कळतो. पावसाळी रात्रीचा किमान मागणीचा तासही तितक्याच आस्थेने तपासावा. जलद हिशेबासाठी व्होल्टेज सर्वत्र समान मानणारी जी रेषीय पद्धत वापरतात ती मेगावॅटच्या प्रश्नांस ठीक आहे, परंतु वर सांगितलेले रात्रीचे दुखणे तिच्या दृष्टीस पडतच नाही.

याच ठिकाणी एका क्षुल्लक दिसणाऱ्या चुकीचा इशारा देऊन ठेवतो. बहुतेक प्रोग्रामांत ओहम थेट न लिहिता समाईक आधाराच्या प्रमाणात लिहावे लागतात. १०० एमव्हीए आधारावर ४०० केव्हीसाठी भाजक १,६०० ओहम असतो व २२० केव्हीसाठी ४८४ ओहम. आपल्या वाहिनीचे ६६ ओहम बरोबर भागल्यास ०.०४१ येते, आणि चुकून २२० केव्हीच्या भाजकाने भागल्यास ०.१३६. गणित तरीही निमूटपणे सुटते, उत्तरही येते, फक्त वीज भलत्याच वाटेने जाऊ लागते. सर्व वाहिन्यांचा दर किलोमीटरचा रिअ‍ॅक्टन्स एका स्तंभात काढून त्यावर नुसती नजर फिरविली, तर असे परके आकडे तत्काळ उठून दिसतात.

काही घटक मात्र या नियमांत बसत नाहीत. चंद्रपूरहून पडघ्यास येणारी ५०० केव्ही एकदिश वाहिनी १९९९ साली सुरू झाली; ती ७५२ किलोमीटर लांब व १,५०० मेगावॅट क्षमतेची आहे. विदर्भातील कोळशाची वीज मुंबईच्या दारी आणणाऱ्या या वाहिनीतील प्रवाह रिअ‍ॅक्टन्सच्या नियमाने ठरत नसून नियंत्रण कक्षातील आज्ञेने ठरतो. तिला साधी वाहिनी म्हणून लिहू नये. चंद्रपूरकडे तेवढी मागणी व पडघ्याकडे ऱ्हासाची वजावट करून तेवढी निर्मिती असे दोन आकडे लिहावेत. कोयनेचे प्रकरण याहून नाजूक आहे. सर्व टप्पे मिळून १,९६० मेगावॅटची ही निर्मिती काही मिनिटांत चढविता-उतरविता येते, म्हणून सायंकाळच्या चढत्या मागणीला तोंड देणारी ती महाराष्ट्राची हुकमी शक्ती होय. संगणकाला मोकळीक दिली की तो स्वस्त म्हणून दिवसभर कोयनाच चालवितो. परंतु कृष्णा पाणीवाटप लवादाच्या निवाड्यानुसार पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्याला वर्षाकाठी ६७.५ टीएमसी अशी मर्यादा आहे. ही वार्षिक मर्यादा न लिहिता जे प्रतिरूप एकेका दिवसाचा सुटा हिशेब करते, त्याचे धरण जानेवारीतच रिकामे झालेले असते आणि मे महिन्याचे त्याचे सर्व निष्कर्ष निरर्थक ठरतात. कायदा व करार हेदेखील जाळ्याचेच घटक मानावेत, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

मागणीचा विषय सर्वांत निसरडा. राज्याची एकूण मागणी दर पंधरा मिनिटांच्या खंडाने, म्हणजे दिवसाकाठी ९६ आकड्यांत नोंदली जाते. ती शेकडो उपकेंद्रांवर कशी वाटावयाची हा खरा प्रश्न. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटणी करण्याची सोपी चाल पुष्कळ अभ्यासक अवलंबितात, आणि महाराष्ट्रात ती हमखास फसते. कृषिपंपांचा भार रब्बीच्या हंगामात उसळतो व चांगल्या पावसात विरतो, शिवाय कृषी फीडरना थ्री-फेज पुरवठा पाळीपाळीने कधी दिवसा तर कधी रात्री होतो. पाळी बदलली की एकाच तालुक्याची मागणी दुपारची मध्यरात्री जाऊन बसते, आणि यात तेथील लोकसंख्येचा काडीचाही संबंध नसतो. २०१७ पासून राबविल्या जाणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेमुळे हा भार पुन्हा दिवसाकडे सरकू लागला आहे. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीच्या वक्राला केवळ वाढीच्या दराने गुणून उद्याची मागणी काढता येत नाही. जेथे गावठाण व कृषी फीडर वेगळे केलेले आहेत तेथे त्यांच्या नोंदी स्वतंत्र मागाव्यात.

दडपलेल्या मागणीचे भान तर सतत ठेवावे. नेपाळात एके काळी हिवाळ्यात दिवसाकाठी बारा तासांहून अधिक भारनियमन होत असे. त्या काळची नोंदलेली मागणी ही लोकांची गरज नसून सरकारला देता आलेल्या विजेचा आकडा होता. अशा मालिकेवरून भविष्य वर्तविणे म्हणजे तुटवडा हाच नियम मानणे. भारनियमनाचे तास व कापलेला भार यांची वेगळी नोंद मिळवून ती मागणीत मिळवावी, आणि न मिळाल्यास निष्कर्षाच्या पहिल्याच पानावर तसे सांगावे. अनुभवी माणसांचा अंदाजही किती चुकू शकतो हे ५ एप्रिल २०२० च्या रात्री दिसून आले : नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्याच्या आवाहनामुळे देशाची मागणी बारा ते चौदा हजार मेगावॅटने उतरेल असे गृहीत धरले होते, प्रत्यक्षात ती ३१ हजार मेगावॅटहून अधिक उतरली. जाळे सावरले ते अंदाजाने नव्हे, तर जलविद्युत केंद्रांनी सुमारे साडेसतरा हजार मेगावॅट निर्मिती तेवढ्याच वेगाने उतरविली म्हणून, वारंवारता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झ या कक्षेतच राहिली. घरगुती भारात दिव्यांचा वाटा किती, हा साधा प्रश्न किती ढोबळपणे हाताळला जात होता ते त्या रात्री कळले. अभ्यासकाने मागणीचा एकच आकडा न चालविता खालचा, मधला व वरचा असे तीन चालवावेत, ही सूचना म्हणूनच.

सरहद्द कोठे आखावी? महाराष्ट्राचे जाळे गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड व गोवा यांच्यासह पश्चिम क्षेत्रात गुंफलेले आहे, आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिण क्षेत्रही त्यास जोडले गेल्यापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच वारंवारता नांदते. राज्याची राजकीय सीमा हीच प्रतिरूपाची सीमा धरली तर सीमेवरील उपकेंद्रांत खोटे प्रवाह दिसू लागतात. आपल्या राज्याचे २२० केव्हीपर्यंत सविस्तर, शेजाऱ्यांचे फक्त ४०० व ७६५ केव्ही, आणि त्यापलीकडच्यांचे जोडवाहिन्यांवरील नोंदलेले प्रवाह, एवढ्याने काम भागते. गणिताच्या सोयीसाठी एक बस ‘स्लॅक’ म्हणून नेमावी लागते, जी सर्व शिल्लक-तूट आपल्या अंगावर घेते. प्रत्यक्ष जाळ्यात असा कोणी उदार सावकार बसलेला नसतो. म्हणून उत्तर आले की प्रथम स्लॅक बसचाच आकडा पाहावा. तेथील केंद्राची क्षमता हजार मेगावॅटची असून संगणक तेथून अडीच हजार घेत असेल, तर मागणीत, ऱ्हासात किंवा आयातीच्या हिशेबात कोठेतरी दीड हजारांचे खोटे खाते दडलेले आहे.

एवढे झाल्यावर शहानिशा. होऊन गेलेला एखादा तास निवडावा, त्या तासाची निर्मिती व मागणी प्रतिरूपात भरावी, आणि ४०० केव्ही वाहिन्यांवरचे प्रवाह नोंदींशी ताडावेत. आकडा थोडा चुकला तर चालते. दिशा चुकली तर थांबावे. दिशा उलट निघण्याची कारणे बहुधा तीनच असतात : एखादी वाहिनी त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद होती, उपकेंद्रातील बसबार दोन भागांत विभागून चालविला होता, किंवा मोजमापाचे चिन्हच नोंदवहीत उलटे लागले होते. या तिसऱ्या शक्यतेमुळे मोजलेल्या आकड्यावरही आंधळा विश्वास टाकू नये. वाहिनीच्या दोन्ही टोकांचे आकडे एकमेकांशी जुळतात की नाही हे आधी पाहावे.

जे प्रतिरूप या कसोटीस उतरते तेही सर्व काही सांगत नाही, हे ३० जुलै २०१२ च्या घटनेवरून समजते. त्या सुमारास उत्तर क्षेत्र ठरल्याहून अधिक वीज ओढीत होते, पश्चिम क्षेत्र ठरल्याहून कमी घेत होते, आणि दोहोंमधील बिना-ग्वाल्हेर-आग्रा या ४०० केव्ही मार्गाचे एक सर्किट ७६५ केव्हीवर नेण्याच्या कामासाठी बंद ठेवले होते. उरलेल्या एकाच सर्किटावर भार वाढला, व्होल्टेज उतरले, आणि पहाटे अडीचच्या सुमारास अंतररिलेने तिसऱ्या टप्प्यातील सेटिंगनुसार ती वाहिनी तोडली. कोणताही शॉर्टसर्किट झालेला नव्हता. जास्त प्रवाह व कमी व्होल्टेज यांचे गुणोत्तर रिलेला दूरवरच्या बिघाडासारखे भासले, इतकेच. उत्तर क्षेत्र अंधारात गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तोच मार्ग तुटला आणि उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तीन क्षेत्रे कोसळून सुमारे साठ कोटी लोकांच्या प्रदेशाचा पुरवठा थांबला. पश्चिम क्षेत्र मात्र टिकले. केवळ तारेची औष्णिक मर्यादा तपासणारे प्रतिरूप या वाहिनीविषयी निश्चिंत राहिले असते. यास्तव ज्या मोजक्या वाहिन्यांवर दोन क्षेत्रांचा सांधा अवलंबून आहे, त्यांच्यापुरते तरी रिलेचे सेटिंग मागवून घ्यावे आणि प्रत्येक हिशेबात त्या टोकाचे व्होल्टेज भागिले प्रवाह हा आकडा त्या सेटिंगशी ताडून पाहावा. हे काम तासाभराचे असून त्याकडे दुर्लक्ष करण्यास कोणतीही सबब चालणार नाही. शिवाय एक घटक बंद पडला तरी जाळे टिकावे हा जो सर्वमान्य निकष आहे, तो नेहमी पूर्ण जाळ्यावर लावून पाहतात. आपल्याकडे कोणती ना कोणती वाहिनी कामासाठी बंद असतेच, म्हणून तो निकष एक वाहिनी आधीच काढून ठेवलेल्या जाळ्यावर लावावा.

साधनांविषयी थोडक्यात. भारप्रवाहासाठी मॅटपॉवर किंवा पँडापॉवर, आणि वर्षभराच्या तासांचा खर्चासहित हिशेब करावयाचा असल्यास पाइप्सा, हे तिन्ही प्रोग्राम विनामूल्य असून विद्यार्थ्याच्या साध्या लॅपटॉपवर चालतात. सेकंदांच्या हिशेबासाठी पारेषण कंपन्या पीएसएस/ई किंवा पॉवरफॅक्टरी यांसारखे महागडे प्रोग्राम वापरतात. ते विकत घेण्याची घाई खाजगी अभ्यासकाने करू नये. सुरुवातीस महाराष्ट्राची फक्त ४०० व ७६५ केव्ही उपकेंद्रे घ्यावीत, ती जुळली की २२० केव्ही जोडावे, आणि प्रत्येक फेरफाराची तारीखवार नोंद ठेवावी. प्रतिरूप तयार झाल्यावर ते भार प्रेषण केंद्रात पाळीवर काम केलेल्या एखाद्या अभियंत्यास दाखवावे. अमुक वाहिनी रात्रीची उघडीच असते, तमुक रोहित्राचा टॅप कित्येक वर्षे हललेला नाही, असल्या गोष्टी कोणत्याही अहवालात छापलेल्या नसतात आणि त्याला त्या तोंडपाठ असतात.

अखेरीस एक विनंती पारेषण कंपन्यांच्या व नियामक आयोगांच्या अधिकाऱ्यांस. सुरक्षिततेच्या कारणास्तव काही तपशील राखून ठेवावे लागतात हे मान्य. परंतु उपकेंद्रनिहाय पंधरा मिनिटांच्या भाराचे गतवर्षीचे आकडे, चालू दाबासहित वाहिन्यांची यादी व तारांच्या जाती एवढी माहिती अभियांत्रिकी महाविद्यालयांस रीतसर अर्जावर मिळण्याची तजवीज त्यांनी करावी. नव्या वाहिन्यांचा खर्च ग्राहकाच्या बिलातूनच वसूल होतो, आणि ती वाहिनी खरोखर लागते की नाही हे तपासून पाहणारी चार बाहेरची माणसे असणे त्याच ग्राहकाच्या हिताचे आहे.